थोडी सूं राहील

मेहरूनिसा मुकादमांनी पिशवीतून काढून काउंटरवर ठेवला.
वर रुमाल, रुमालावर रबरबँड, आत वॉकमन.
कतारहून आलेला, सत्त्याऐंशी साली.
म्हणाल्या, कालेकर, आवाज येतो.
म्हटलं, यायलाच हवा की.
म्हणाल्या, तो नव्हे. दुसरा.

आणि आतली कॅसेट काढून पर्समध्ये घातली,
चेन लावली.
तपासायला तुमची वापरा.

दुसरा आवाज कधी एकटा येत नाही.
आधी ऐकायचं, मग स्क्रूला हात लावायचा,
असं वडील सांगायचे. स्वतः मात्र आधी उघडायचे.
मी डोळे मिटून मोजले:
आवाज वाढवताना चर्र,
मिनिटाला चाळीसदा टक,
डाव्या कानात मोटरची बारीक केकाटणी,
त्याखाली सूं,
आणि सगळ्याच्या तळाशी एक हूं, जाडजूड,
कुणीतरी पलीकडे बसून आपलं ऐकून घेत असल्यासारखी.

चर्र गेली स्पिरिटच्या चार थेंबांत.
टक म्हणजे चाकाचा तडकलेला दात.
पट्ट्याची तर काकवी झाली होती,
ओढला की बोटाबरोबर लांबत यायचा.
केकाटणी अर्थच्या तारेत, केसाएवढ्या, हिरव्या पडलेल्या.
इथे सगळंच हिरवं पडतं:
कड्या, कुलपं, देवाची समई,
खारा वारा कुणाचंच कनेक्शन सोडत नाही.

हूं मात्र हलेना.
अडॅप्टर काढला, नवे सेल घातले, हूं.
हेड पुसलं, कापूस तपकिरी झाला, तरी हूं.
वैतागून मशीन आडवं टाकलं
तर हूं निम्म्यावर.
पुन्हा उभं केलं. पुन्हा पूर्ण.
तेव्हा पेटली माझी.
भिंतीपलीकडे बर्फाचा कारखाना,
रात्रंदिवस त्याची मोटर,
आणि हेड बिचारं चुंबकाला ओळखतं,
कुणाचं ते विचारत नाही.

खात्री करायची तर वीज नसलेली जागा हवी.
गोमा चोगल्याच्या होडीत बसलो.
सुवर्णदुर्गाच्या मागे पोचल्यावर म्हटलं, इंजिन बंद कर.
म्हणाला, जाळं नाय, काय नाय, बंद कशाला?
म्हटलं, ऐकायचंय.
त्याने बिडी पेटवली
आणि माझ्याकडे असं पाहिलं
की परत नेताना आधी डॉक्टरकडे न्यावं की घरी.

हूं नव्हती.
सूं होती, नको तेवढी.

त्या रात्री सोल्डरिंग आयर्न टेकवलं आणि मासळीचा वास आला.
आता हर्णैत मासळीचा वास आला
म्हणजे नेमकं काय आलं?
बायको म्हणाली, खिडकी लाव, बंदरावर ढीग पडलेत.
खिडकी लावली. वास आतच.
मग कळलं. कपॅसिटर पाझरले की तापल्यावर असेच येतात,
दोन दिवसांच्या बांगड्यासारखे.
सात होते, मुगाच्या दाण्याएवढे.
सातही बदलले. नाकाने शोधलेला
माझा पहिलाच बिघाड.

शुक्रवारी त्या आल्या.
म्हटलं, थोडी सूं राहील. ती टेपची स्वतःची.
काढता येते, पण मग बोलणाऱ्याचे
स आणि श पण पुसट होतात.
जरा थांबून म्हणाल्या,
श राहू दे.

मी विचारलं नाही.
पर्सची चेन उघडली. कॅसेट त्यांनीच घातली,
खटका त्यांनीच दाबला,
फोमचे हेडफोन ओढणीवरूनच कानांवर.
मी पावतीपुस्तक शोधत बसलो, समोरच होतं.

बऱ्याच वेळाने,
कान झाकलेली माणसं बोलतात तशा,
म्हणजे ओरडूनच,
कालेकर, गेला हो तो दुसरा!

बर्फाच्या लाद्या भरणारी पोरं थांबून वळून बघायला लागली.
एकाच्या खांद्यावरून पाणी गळत होतं.
त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं.
पैसे किती, हेही त्यांनी
तेवढ्याच मोठ्याने विचारलं.